विरोधकाची साक्ष

इतिहासविद्येत एक संकेत जवळजवळ निर्विवाद मानला जातो : अनुयायाच्या स्तुतीपेक्षा विरोधकाची कबुली अधिक विश्वसनीय. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाविषयी टॅसिटस, धाकटा प्लिनी आणि स्यूटोनियस या रोमन लेखकांनी जे थोडेबहुत लिहून ठेवले, त्याला लाभलेले महत्त्व मुख्यतः या संकेतावर उभे आहे. त्यांना ख्रिस्तपंथाची थोरवी गायची नव्हती. सबब ते सांगतात ते खरे. हे अनुमान दिसते तितके निर्दोष नाही. वैरभावामुळे एवढेच निश्चित होते की साक्षीदार स्तुती करणार नाही. त्याने नीट ऐकून घेतले होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

संहितेचे प्रश्न तुलनेने सोपे आहेत. यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या इ. स. ९३-९४ च्या ग्रंथात येशूलाच ख्रिस्त म्हणणारे वाक्य आढळते. पण जोसेफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता, असे तिसऱ्या शतकातला ऑरिगेन स्पष्ट सांगतो. तेव्हा ख्रिस्ती लेखनिकाचा हात तेथे फिरला आहे, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. वाद आहे तो किती फिरला याचा. टॅसिटसचे प्रकरण थोडे निराळे आहे. तो पायलेटला 'प्रोक्युरेटर' म्हणतो, तर सिझेरिया येथे १९६१ साली सापडलेल्या शिलालेखात पायलेटचे पद 'प्रिफेक्ट' असे आहे. तेव्हा टॅसिटसने सरकारी दप्तर पाहून लिहिले, हा आवडता तर्क लंगडा पडतो. सेल्ससचा ख्रिस्तविरोधी ग्रंथ तर नष्टच झाला. तो उरला आहे तो ऑरिगेनने केलेल्या खंडनातील अवतरणांपुरता. लोकायतमत जसे प्रतिपक्षाने मांडलेल्या पूर्वपक्षातून वाचावे लागते, तशीच ही स्थिती आहे.

पाठचिकित्सेने न सुटणारा प्रश्न प्लिनीच्या पत्रात आहे. इ. स. ११२ च्या सुमारास, बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिकारी या नात्याने त्याने सम्राट ट्रेजनला हे पत्र लिहिले. ख्रिस्ती असल्याची कबुली देऊन तीवर ठाम राहणाऱ्यांना त्याने मृत्युदंडासाठी रवाना केले होते; रोमन नागरिक तेवढे रोमला पाठवायचे ठरवले. हे लोक नेमके करतात काय, याचा तपशील त्याला मिळाला तो यानंतर, आणि तोही पंथ सोडलेल्यांकडून : ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमणे, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणणे, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेणे, पुढे साधे, निरुपद्रवी अन्न एकत्र खाणे. अभ्यासकांना ही माहिती अनमोल वाटते, आणि ती आहेही. परंतु प्लिनीचे त्यावर समाधान झाले नाही. सत्य काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ करविला. त्यांना त्या पंथात 'मिनिस्त्रे', म्हणजे सेविका, म्हणत. हाती लागली ती केवळ एक विकृत, अमर्याद अंधश्रद्धा, असे तो नोंदवतो.

या नोंदीची विश्वसनीयता ठरवताना सांगितले जाते की, प्लिनीला गुन्हा सापडायला हवा होता आणि तो सापडला नाही. म्हणून निष्कर्ष प्रामाणिक. तर्क म्हणून हे ग्राह्य आहे. मात्र तो मान्य करताच छळ ही पुराव्याची हमी ठरते, ही अडचण टाळता येत नाही. गुलामाची साक्ष यातनेशिवाय घेऊ नये, ही रोमन न्यायव्यवहाराची रीत होती; आणि यातनेतून आलेला पुरावा ठिसूळ व धोकादायक असतो, हे तिसऱ्या शतकातल्या उल्पियन या रोमन विधिज्ञालाच म्हणावे लागले. त्या दोघी काय बोलल्या, हे पत्रात नाही. 'अंधश्रद्धा' हा शब्द प्लिनीचा आहे, त्यांचा नव्हे. त्यांच्या बाजूचे असे जे काही उरले ते एक पदनाम, आणि तेही लॅटिनमध्ये उतरलेले. आद्य ख्रिस्ती मंडळींत स्त्रियांना अधिकारपद होते काय, या चर्चेत आज हाच शब्द आधार म्हणून घेतला जातो. तो घ्यावाही लागतो. पण तो स्वेच्छेने दिलेल्या निवेदनातून आल्यासारखा वापरणे म्हणजे अधिकाऱ्याच्या दप्तरालाच इतिहास समजणे होय.

ट्रेजनचे उत्तर उपलब्ध आहे. ख्रिस्त्यांना हुडकून काढू नये, निनावी तक्रारी घेऊ नयेत, असे तो बजावतो आणि प्लिनीने योग्य मार्ग अनुसरल्याचे कळवतो. दासींचा उल्लेख त्यात नाही.