कोवळे खेळाडू व वडील माणसांची जबाबदारी

घोटीच्या शिवारांत भात कापणीस आला म्हणजे पहाटेच्या धुक्यांत रस्त्याच्या कडेनें धांवणारीं मुलें दिसूं लागतात. कोणी शाळेच्या शर्यतीसाठीं, तर कोणी पुढच्या पोलीस भरतींतील 1600 मीटरसाठीं धांवतो. याच जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं 2010 सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत 10,000 मीटरच्या धांवेंत कांस्यपदक मिळविलें. तेव्हां डोंगरांतल्या घरांनीं अशी आशा धरावी, यांत वावगें कांहीं नाहीं.

परंतु आशेच्या मागोमाग शक्तीच्या भुकटीचा डबा येतो. तो मुलगा आणतो असें आपण म्हणतों. पण बहुधा कोणीतरी वडील माणूसच तो त्याच्या हातीं देतो. शिकविणारा सांगतो कीं, हें घेतल्यावांचून मागें पडशील. व्यायामशाळेंतला दादा आपला दंड दाखवितो. बाप मजुरीचे पैसे मोडतो. दूध, अंडीं, भुईमूग, नागली यांचें नांव कोणी काढीत नाहीं. पुढें कांहीं बिघडलें म्हणजे आपण म्हणतों, त्यानें आपखुषीनें घेतलें. ज्या हातून पहिला घांस घेतला, त्या हातास नको म्हणणें ज्यास अजून साधत नाहीं, त्याच्या होकारास संमति म्हणावें काय?

खेळाचा कायदा कठोर आहे. ज्याच्या शरीरांत निषिद्ध द्रव्य सांपडेल, तो जबाबदार. तीन वेळां महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांनीं 2016 सालीं, आपल्या अन्नांत कोणीतरी द्रव्य मिसळलें, असें सांगितलें; लवादानें तें मानलें नाहीं व चार वर्षांची बंदी घातली. ते तर प्रौढ होते. रशियाची कामिला वालियेवा बर्फावरील नृत्यांत उतरली तेव्हां पंधरा वर्षांची होती. तिच्या नमुन्यांत हृदयविकाराचें औषध निघालें. तें आजोबांचें, असें तिच्या बाजूनें सांगण्यांत आलें. तेंहि लवादास पटलें नाहीं, आणि 2024 च्या जानेवारींत चार वर्षांची बंदी त्या मुलीच्या नांवावर लागली. लहान खेळाडू सांपडल्यास त्याच्या सभोंवतींच्या माणसांचीहि चौकशी व्हावी, असें आतां जागतिक नियमांत आहे खरें. पण चौकशी मागाहून होते.

पूर्व जर्मनींत तर सरकारच वडील माणूस झालें होतें. शाळकरी मुलींस निळ्या गोळ्या जीवनसत्त्वें म्हणून देत. त्या पुरुषी संप्रेरकाच्या होत्या. मुलींचे आवाज घोगरे झाले, कित्येकींस जन्माचीं दुखणीं जडलीं. 2000 सालीं बर्लिनच्या न्यायालयानें तेथील क्रीडाप्रमुख व वैद्य यांस दोषी ठरविलें, परंतु तुरुंगवास तहकूब ठेविला.

आम्ही भल्यासाठींच दिलें, असें कोणी म्हणेल. बाबेलांत कोवळ्या दानीएलास राजाचें अन्न खाऊं घालणारा अधिकारीहि दुष्ट नव्हता. मुलें रोडावलीं तर आपलें डोकें जाईल, ही त्याची धास्ती होती. आपल्यांतहि भल्याच्या नांवाखालीं किती वेळां आपलीच अब्रू, आपलेंच राहून गेलेलें पदक असतें! तेथें निदान हाताखालच्या कारभाऱ्यानें मुलांचें म्हणणें ऐकून दहा दिवस डाळीवर काढूं दिले.

मीं स्वतः तेवढेंहि केलें नाहीं. गेल्या वर्षीं एका मुलाची छाती दोन महिन्यांत रुंदावलेली पाहून मीं चारचौघांत त्याची पाठ थोपटली. डबा त्याच्या मामानें आणून दिला होता, हें मागाहून कळलें. त्या दिवशीं तो मुलगा माझ्याजवळ बराच वेळ उभा राहिला होता. मीं त्यास कांहीं विचारलें नाहीं.