वंगणाची साक्ष

सात रस्त्यावर माणूस रस्ता ओलांडतो तो देवाचे नाव घेऊन. कुत्रे ओलांडते ते कुणाचेच नाव न घेता. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक तांबूस कुत्री तिथे रिक्षाच्या चाकाला लागली आणि तीन पायांवर उड्या मारीत आमच्या ओट्याशी येऊन पडली. मुलांनी तिचे नाव तांबी ठेवले. एकदा नाव ठेवले की जनावर आपले होते, आणि आपले झाले की त्याला डॉक्टरकडे न्यावे लागते.

डॉक्टरांनी तिची मांडी एका हाताने धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून दाखवली. टेबलाचा खण सरकावा तशी ती पुढे आली. गुडघ्यातला बंध तुटला होता. मग त्यांनी सुईने सांध्यातले थोडे वंगण काढले, एक थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून बोटे हळूच लांब केली. तार निघाली न निघाली तोच तुटली. माझी पत्नी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "पाक कच्चा आहे." डॉक्टर हसले, पण म्हणाले, "बाई, परीक्षा अगदी हीच." निरोगी सांध्यातले वंगण अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखे चिकट असते, सांधा सुजला की ते पाण्यासारखे पातळ होते.

शस्त्रक्रिया झाली. जाड दोऱ्याने सांधा बाहेरून बांधून घेतला, आणि दिवाळीपर्यंत तांबी चारही पायांवर चालू लागली. मी पेढे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, पाय बरा झाला. सांधा बरा झाला असे मात्र समजू नका." हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. ती झिजते तेव्हा ओरडत नाही. एकदा गेलेली कूर्चा परत येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने 1743 साली लिहून ठेवले आहे. मात्र झिजताना तिचे सूक्ष्म तुकडे वंगणात सांडतात. क्ष-किरणांच्या चित्रात काही दिसण्याच्या पुष्कळ आधी प्रयोगशाळेत ते मोजता येतात. कुत्रे तर दुखणे लपवण्यात पटाईत. ते लंगडत नाही याचा अर्थ त्याला दुखत नाही, असा नव्हे.

"हे सगळे कळले कसे?" मी सहज विचारले. आता वाटते, विचारले नसते तर बरे झाले असते.

1973 साली पाँड आणि न्यूकी या दोघांनी निरोगी कुत्र्यांच्या गुडघ्यातला हाच बंध मुद्दाम कापला आणि पुढे काय होते ते पाहिले. ती पद्धत मग जगभर रूढ झाली. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंध कापल्यानंतर 54 महिन्यांपर्यंत कुत्र्यांचे सांधे पाहिलेले आहेत. कूर्चा आधी झिजत नाही, उलट फुगून जाड होते, जणू स्वतःला सावरू पाहते. आणि नंतर हरते. हे ज्ञान आज तांबीच्या उपयोगी पडते आहे. माझ्याही पडेल, वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून माझाही उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरू लागला आहे.

मला अस्वस्थ केले ते एका शब्दाने. मागे शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेसाठी मी एका विद्यार्थ्याला भाषण लिहून दिले होते. त्यात "मुक्या प्राण्यांनी मानवासाठी बलिदान केले" असे टाळ्यांचे वाक्य होते, आणि टाळ्या पडल्याही. बलिदान करणारा स्वतःला देतो. बळी जो जातो त्याला दुसरे कुणीतरी देते. मराठीने हा भेद इतका स्वच्छ जपून ठेवला आहे, आणि मराठी शिकवणारा मी तो विसरलो! ज्याच्याकडून घेतले त्याने ते दिले असे म्हटले की कर्जाचे दान होते, आणि दानाची परतफेड कुणी मागत नाही.

एका कुत्र्याच्या दुःखाने हजारांचे दुःख हलके होत असेल तर काय चुकले, असे कोणी म्हणेल. मीही स्वतःला म्हणून पाहिले. हिशेब बरोबर आहे; फक्त वही आपल्या हातात आहे. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने ही वही थोडी तपासायला घेतली. टाळता येत असतील तर प्रयोग टाळावेत, आणि सशा-उंदरांवर भागत असेल तर मोठ्या जनावरांना हात लावू नये, असे तो सांगतो. (सशाच्या आईला यात काय समाधान, हे मात्र कळत नाही.)

डॉक्टरांना मी विचारले, आपोआप बंध तुटलेली इतकी कुत्री दवाखान्यात येतात, त्यांच्याच वंगणातून हे शिकता आले नसते का? ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. म्हणाले, "काही अंशी येते, आणि आता तसे होतेही. पण त्यांचे वय निराळे, वजन निराळे. आणि बंध नक्की कधी तुटला हे मालकाला सांगता येत नाही. सुरीने कापला की पहिला दिवस ठाऊक असतो."

म्हणजे ते निरोगी गुडघे कापले गेले ते पुष्कळ अंशी एका तारखेसाठी. मी घरी येताना सात रस्त्यावर थांबलो. तांबीची तारीख मला ठाऊक होती. श्रावणातला दुसरा सोमवार. ती कुणी विचारली नव्हती.

पहिला प्रयोग कदाचित अटळ असेल. त्याचा न्याय करण्याइतका मी शहाणा नाही. पण पन्नासाव्याला पहिल्याचा परवाना आपोआप मिळतो, हे मला मान्य नाही. प्रत्येक गुडघ्यासाठी वेगळे उत्तर द्यावे लागावे. असे म्हणत असतानाही गुडघ्यावरचे औषध मी वेळेवर घेतो, हेही इथे लिहून ठेवतो.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. यंदा ती सांगून झाल्यावर सातवीतली एक मुलगी भाषण लिहून घ्यायला आली. विषय तोच, मुके प्राणी आणि मानव. मी जुना कागद काढला, "बलिदान" खोडले आणि वर दुसरा शब्द लिहायला पेन टेकवले. स्पर्धा पुढच्या शनिवारी आहे. कागद अजून माझ्याजवळच आहे, आणि तांबी सकाळी उठताना आधी पुढचे दोन पाय ताणते, मग बराच वेळ थांबते.