परकायाप्रवेश आणि परतीची वाट

'परकायाप्रवेश' ही संज्ञा मराठी समीक्षेत नटाच्या सामर्थ्याचा गौरव म्हणून येते. या सामर्थ्याला काही नैतिक अट असते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' (१९१५) मध्ये प्रमुख कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांनी चेहरे काळे करून केल्या. तेथे परकायाप्रवेश हे उघड विटंबनेचे साधन होते. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (१९७७) ची गोष्ट वेगळी. ठाकर जमातीचे जीवन त्यात आस्थेने चितारले आहे. परंतु नाग्या आणि चिंधी पडद्यावर येतात ते मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या देहांतून. विटंबना आणि आस्था यांतील अंतर मान्य करूनही एक साम्य उरते : प्रवेशाची वाट एकाच दिशेने जाते. नागर नट ठाकर होऊ शकतो. ठाकराच्या मुलाला पेशवा होण्याची संधी सहसा मिळत नाही. अन्याय अभिनयात नसून या एकेरीपणात आहे.

यावर 'ज्याचा अनुभव, त्याचेच चित्रण' असे उत्तर दिले जाते. दलित साहित्याने अनुभवप्रामाण्याचा जो आग्रह धरला, त्यामागे दीर्घ मौनाचा इतिहास आहे; १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हेही त्या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. तथापि हे उत्तर अपुरे आहे. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधील दासीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनिएल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत ठरली. समारंभात मात्र तिला वेगळ्या टेबलाशी बसावे लागले. देह तिचा होता, पाहणारी दृष्टी दुसऱ्याची होती.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये ही दृष्टीच उलटते. डुक्कर पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबाकडे गावाबरोबर प्रेक्षकही पाहत असतो. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट त्याच्याच दिशेने येतो. पाहणे ही निर्दोष क्रिया राहत नाही.

सप्तशृंग गडाच्या परिसरातील वणीत, कोकणा आणि महादेव कोळी वस्तीच्या दिंडोरी तालुक्यात, हा दगड कोणाला लागतो? तेथला प्रेक्षक 'जैत रे जैत' पाहताना कदाचित आपलेच जगणे परक्या देहात शोधत असेल. 'फँड्री' पाहताना तोच जब्या असू शकतो आणि हसणारा गावकरीही. म्हणून चित्रण कोणी केले, एवढ्यावर त्याची नैतिकता ठरत नाही. ज्याला पाहिले जाते त्याला उलट पाहण्याची जागा त्या कृतीत उरते की नाही, ही खरी कसोटी होय. परकायेत शिरणाऱ्याने परतीची वाट त्या कायेच्या धन्यासाठीही मोकळी ठेवली पाहिजे.