सुडानंतरचे अश्रू

१५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात, ‘शोले’ प्रदर्शित झाला. ठाकूर गब्बरला तुडवीत असता पोलीस येतात व कायद्याचा मान राखला जातो, हा त्याचा शेवट आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी प्रथम चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरचा प्राण घेतो. माजी पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हाती घ्यावा, हे सेन्सॉर मंडळाला मान्य झाले नाही; शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. मूळ शेवट पुढे व्हिडिओवर आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये चित्रपटगृहांतही.

यांपैकी नैतिक शेवट कोणता? मंडळाची चिंता मला अनाठायी वाटत नाही. तथापि मूळ शेवटात वैरी मेल्यावर ठाकूर रडतो. तोडलेले हात परत येत नाहीत, मारलेली माणसेही येत नाहीत. सूड झाकण्याच्या सद्हेतूने चालविलेल्या कात्रीने सुडानंतरचे हे अश्रूही कापले गेले.

बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी अबोला धरणाऱ्याला ‘सूड वाईट’ एवढे सांगून भागत नाही, हा माझा अनुभव आहे. जिंकल्यानंतरचे रितेपण त्याला दिसावे लागते. मगच क्षमेची वाट सुचते.