एका दिवसाचा हिशेब

दुसऱ्याच्या कष्टावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला निर्भेळ आनंदाचा एखादा दिवस घेण्याचा अधिकार आहे काय? हा प्रश्न प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु चाकूरसारख्या गांवांत तो फार गंभीरपणें विचारला जातो, आणि विचारणारीं माणसें हंसण्यावारी नेण्यासारखीं नसतात.

मराठवाड्यांतील कित्येक मुलें-मुली हल्लीं वैद्यकशास्त्र शिकण्याकरितां किर्गिझस्तानांत, बिश्केक शहरीं जातात. एके काळीं येथील विद्यार्थ्याला हैदराबाद हाच परदेश होता. 1918 सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत शिक्षणाचें माध्यम उर्दू असे. आतां परदेश दूर सरकला आहे आणि महागही झाला आहे. 2021 सालच्या नियमांप्रमाणें बाहेर वैद्यकी शिकणाऱ्यास निदान 54 महिने अभ्यास आणि त्यावर 12 महिने उमेदवारी करावी लागते. परत आल्यावर येथील परीक्षा आहेच. हा खर्च सोयाबीनच्या पट्टींतून, बँकेच्या कर्जांतून, कधीं शेताच्या एखाद्या तुकड्यांतून निघतो. आणि मग एखाद्या रविवारीं हीं मुलें टोळी करून शहराच्या दक्षिणेस सुमारें 40 किलोमीटरवर असलेल्या अला-अर्चा या राष्ट्रीय उद्यानांत जातात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें 800 मीटर उंच. उद्यानाच्या माथ्यावरील सर्वांत उंच शिखर 4,800 मीटरांहून अधिक. हिमनद्या, फेंसाळणारी नदी, बर्फ. संध्याकाळीं छायाचित्र चाकुरास पोंचतें, आणि ओसरीवरचे काका म्हणतात, "पोरगं शिकायला गेलंय का फिरायला?"

या वाक्याला जुनाट म्हणून झटकून टाकणें सोपें आहे. परंतु 2016 सालीं ज्या जिल्ह्याच्या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील माणूस घागर मोजावयास शिकला आणि त्याच हातानें दिवसही मोजूं लागला, तर त्यांत नवल नाहीं. काका मत्सरानें बोलत नाहींत. त्यांच्या मतें त्या एका दिवसावर घरांतील दुसऱ्या कोणाचे तरी अनेक दिवस खर्ची पडले आहेत, आणि हें खरेंच आहे.

यावर सुशिक्षितांचें ठराविक उत्तर असें कीं, विश्रांतीनें बुद्धि ताजी होते, सबब सहल ही अभ्यासाचीच एक बाजू होय. हें उत्तर आम्हांस मुळींच पटत नाहीं. काकांचा हिशेब मान्य करून त्यांत केवळ एक खोटी जमा दाखविण्यासारखें तें आहे. समजा, सोमवारीं विद्यार्थ्याचें डोकें ताजें न होतां पाय मात्र दुखले. मग सहल ही चोरी ठरेल काय? पर्वताला टॉनिकाची बाटली करणारे लोक पर्वतालाही न्याय देत नाहींत आणि बापालाही देत नाहींत.

दुसरें उत्तर फळावरून दिलें जातें. 1790 सालच्या उन्हाळ्यांत केंब्रिजचा विद्यार्थी वर्ड्स्वर्थ आपल्या रॉबर्ट जोन्स या मित्रासह फ्रान्स व आल्प्स पायीं हिंडून आला. आईबाप वारलेले, शिक्षणाचा भार काकामामांवर. त्या सुट्टींत त्यानें परीक्षेचा अभ्यास करावा अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. प्रत्येकीं वीसेक पौंड घेऊन दोघे निघाले. पुढें त्या प्रवासांतून थोर काव्य निर्माण झालें, म्हणून जग त्याला क्षमा करतें. पण जोन्सचें काय? तो पुढें खेड्यांतील एक साधा धर्मोपदेशक झाला. तोच रस्ता, तींच शिखरें. मग एकाची सहल पुण्य आणि दुसऱ्याची उधळपट्टी असें म्हणावयाचें कीं काय? आम्हांस तर या कथेंत जोन्सच अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या घरांतून जाणारीं मुलें बहुतेक जोन्सच असतात.

तेव्हां प्रश्न मुळाशींच पाहिला पाहिजे. मराठींत कर्ज आणि ऋण असे दोन शब्द आहेत, आणि काका त्यांची गल्लत करतात. कर्जाला रक्कम, व्याज आणि मुदत असते, आणि तें ज्याचें त्यालाच परत करावयाचें असतें. ऋणाची गोष्ट वेगळी. तैत्तिरीय संहितेंत जन्मतःच तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांतील पितृऋण कसें फिटतें? प्रजेनें. म्हणजे बापाचें देणें बापाला परत जात नाहीं, तें पुढच्या पिढीकडे जातें. बँकेचा हप्ता दिवसांत मोजतां येईल, बापाचा त्याग येणार नाहीं. जो बाप मुलाचे तास मोजूं लागतो तो नकळत सावकार होतो. परंतु जो मुलगा हें पाहून सहलीचें छायाचित्र घरीं पाठविण्याचें टाळतो, त्यानें तर बापाला आधींच सावकार ठरविलेलें असतें. आमच्या मतें दोष असलाच तर या लपविण्यांत आहे. शिवाय मे 2024 मध्यें बिश्केकांत परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावानें हल्ले केल्यापासून मुलगा उघड्यावर हंसतांना दिसणें हीच कित्येक घरांत मोठी बातमी असते, हें काकांनींही ध्यानांत घ्यावें.

भाषेचाही येथें थोडा अपराध आहे. काका स्वतः पेरणी उरकून आषाढीला पायीं पंढरपुरास जातात. त्याला कोणी फिरणें म्हणत नाहीं, ती वारी होय. यात्रेला समाजाची संमति आहे, सहलीला नाहीं. पेट्रार्क 26 एप्रिल 1336 रोजीं आपल्या भावासह व्हाँतू पर्वत चढला. माथ्यावर त्यानें संत ऑगस्टिनचा ग्रंथ उघडला, आणि आत्म्याला सोडून डोंगराचें कौतुक केलें म्हणून तो खजील झाला. आम्हांस वाटतें, वारकरी त्याला हंसला असता. चालण्यानेंच मन आंत वळतें हें त्याला ग्रंथ न उघडतांच ठाऊक आहे.

आणि काकांना एक उलट प्रश्न विचारावयाचा आहे. चाकूर तालुक्यांतच वडवळ नागनाथचें बेट आहे. सहा-साडेसहाशे फूट उंचीची टेकडी, दुर्मिळ औषधी वनस्पतींकरितां प्रसिद्ध. ज्या मुलाला वैद्य व्हावयाचें होतें, तो लातुरांत शिकवणीच्या वर्गांत दोन वर्षें सकाळपासून रात्रीपर्यंत बसला. त्याला ही टेकडी कोणीं दाखविली? किर्गिझ लोक अर्चा झाडाच्या फांदीचा धूर करून घर शुद्ध करतात, हें तो मुलगा आज परक्या मुलखांत शिकतो. बेटावरचें एकही झुडूप त्याला नांवानें ओळखतां येत नाहीं. हिशेब मांडावयाचाच, तर तो रविवारापासून न मांडतां त्या दोन वर्षांपासून मांडावा.

एक अडचण मात्र उरते. प्रत्येक टोळींत एखादा असा असतो कीं जो डोकें दुखतें म्हणून वसतिगृहांत राहतो. खरें कारण सर्वांना ठाऊक असतें. त्याचा वांटा इतरांनीं उचलावा, पण त्याला कळूं देऊं नये, असें कांहीं सज्जन सुचवितात. आम्हांस तें पटत नाहीं. जें बापापासून लपवूं नये म्हटलें, तें मित्रापासून तरी कां लपवावें? त्याला सरळ सांगावें कीं गाडी सबंध ठरविली आहे, भाडें माणशीं नाहीं. तो आला काय आणि न आला काय, पैसे तेवढेच पडणार आहेत.