उसातला बिबट्या आणि भरपाईचा हिशेब

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या जिरायत रानात पाणी आणले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या दाट पिकात मादीला विणीची जागा मिळते आणि वस्तीवरच्या कुत्र्या-शेळ्यांवर पोट भरते. आज इथले कित्येक बिबटे उसातच जन्मतात.

रात्री दारं धरायला गेलेल्या शेतकऱ्यावर अशा जनावराने झडप घातली, तर जबाबदार कोण? कुणाचा बैल अंगावर आला, तर मालकाला धरता येते. बिबट्याला मालक नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे. तो माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकानेच द्यायचा. याच कायद्याचे कलम 39 वाचताना मौज वाटते: बिबट्या मेलेला सापडला किंवा पिंजऱ्यात ठेवला, की तो सरकारी मालमत्ता, उसात मोकळा हिंडणाऱ्याबद्दल मात्र कलम तसे म्हणत नाही.

मालकीचा हा गुंता टाळून सरकार पैसे देते. ऑगस्ट 2023 च्या शासन निर्णयानुसार मृत्यू झाल्यास 25 लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख, गंभीर जखमेसाठी 5 लाख आणि किरकोळ जखमेच्या उपचारांसाठी 50 हजारांपर्यंत. बिबट्या कुठून आला, चूक कुणाची, हे सिद्ध करावे लागत नाही.

समजा, हाच शेतकरी पुणे-नाशिक रस्त्यावर टेम्पोखाली सापडला असता. मग प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले असते आणि तिथे सर्वोच्च न्यायालयाची 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांतली रीत लागली असती. वय 30, महिन्याची कमाई 15 हजार, पदरी चार माणसे. भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे, स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा आणि वर्षाच्या रकमेला 17 ने गुणायचे. उत्तर 32 लाख 13 हजार.

बिबट्याने मारले तर 25, टेम्पोने मारले तर 32. एवढ्यावर वनखात्याला कंजूष ठरवणे घाईचे होईल. न्यायाधिकरणाचे गणित कमाईवर चालते. साठी ओलांडली, की त्यातला गुणक झपाट्याने घसरतो. वनखात्याच्या तक्त्यात मात्र आजी, कमावता मुलगा आणि कोपीतले ऊसतोड कामगाराचे लेकरू यांच्या जिवाला एकच मोल आहे. वकील लावावा लागत नाही, साक्षीपुरावे नाहीत. मृत्यूच्या बाबतीत ही पद्धत उजवीच म्हणावी लागेल.

पण जो वाचतो, त्याचे काय? त्याच तिशीतल्या शेतकऱ्याचा हात अधू झाला आणि कमावण्याची ताकद 40 टक्क्यांनी घटली, असे धरू. न्यायाधिकरणाच्या रीतीने, भविष्यातील वाढ न धरताही, केवळ बुडालेल्या कमाईचे 12 लाख 24 हजार होतात. वेदना, औषधपाणी आणि सोबतीला लागणारे माणूस यांचे वेगळे. तक्ता साडेसात लाखांवर थांबतो. दूध काढता येत नाही, टोमॅटोचे क्रेट उचलता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे द्यावी लागणारी मजुरी त्यात कुठेच धरलेली नाही.

‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकायलाही फारशी जागा नाही. जुन्नर वन विभागात पकडलेले बिबटे इतरत्र जंगलात सोडण्याची मोठी मोहीम 2001 मध्ये सुरू झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्या काळातल्या नोंदी तपासल्या. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले होते. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले होते. शेतीची लाईट अनेकदा रात्री येते, म्हणून माणूस अंधारात उसाच्या कडेला उभा राहतो. ते वेळापत्रक बिबट्याने ठरवलेले नाही.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तीन बळी गेले. दोन मुले होती, एक वृद्धा. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, मंचरला महामार्ग अडवला. मग नेमबाजांनी बिबट्या टिपला. त्या संतापाला 25 लाखांचा आकडा पुरला नाही, कारण मागणी बंदोबस्ताची आणि दिवसा विजेचीही होती. राज्याच्या चुकीने जीव गेला, तर भरपाईचा आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 च्या नीलाबती बेहरा निकालात सांगितले. पण तो खटला पोलीस कोठडीतल्या मृत्यूचा होता. रात्रीच्या विजेपायी शिवारात गेलेल्या जखमीला हे तत्त्व वापरायचे, तर आधी वेळापत्रक आणि हल्ला यांचा संबंध न्यायालयाला पटवावा लागेल. जखमीचा जबाब घेताना तो कशासाठी आणि कुणाच्या वेळेने रानात होता, ही नोंद म्हणूनच मोलाची आहे.