लावा, लावी आणि आमचे काका

बँकेत माणूस ओळखायचा म्हणजे नमुना सही काढायची आणि चेकावरच्या सहीशी ताडून पाहायची. लावा पक्ष्यात नर-मादी ओळखायची अशीच सोय आहे. पाळीव जपानी लाव्यात छाती एकसारखी तांबूस असेल तर नर, फिकट छातीवर काळे ठिपके असतील तर मादी. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की फरक कळू लागतो. रानलाव्यात नराच्या पोटावर काळेपांढरे पट्टे, मादी साधी तांबूस. इथवर जमाखर्च जुळतो.

घोटाळा होतो तो दुर्ऱ्यापाशी. हा दिसतो लाव्यासारखा, पण मागचं बोट नाही आणि नातं टिटवी-कुरवांच्या घराण्याशी. यात मादी मोठी, तिचाच गळा काळा, साद घालणारी तीच आणि दुसरीशी भांडणारीही तीच. अंडी घालून बाईसाहेब दुसरा नवरा शोधायला मोकळ्या! उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नवरोबांकडे.

हे मी वेळणेश्वरच्या आमच्या काकांना मुद्दाम सांगितलं. त्यांच्या मुलीची नोकरी मोठी, म्हणून तान्ह्या नातीला सांभाळायला जावयाने आपली सोडली. काकांनी सहा महिने जावयाशी बोलणं टाकलं होतं. म्हणे, "हे निसर्गाविरुद्ध आहे."

दुर्रा ऐकून काका उसळले. "अरे, पाखराचं काय सांगतोस? आपण माणसं ना?"

मुद्दा बिनतोड होता. फक्त तो त्यांच्यावरही लागू होता. आणि खरं सांगायचं तर माझ्यावरही. दुर्रीला जावयाच्या बाजूने साक्षीला उभं करायचं, तर तिचा दुसरा नवराही कोर्टात येणार. साक्षीदार अर्धा खरा धरता येत नाही. मग निसर्गाला घरी पाठवून पोरीला कोण बघणार एवढंच विचारावं, हे बरं. आमच्या कोकणात पुरुष मुंबईला आणि मनीऑर्डर गावाला, अशी कित्येक वर्षं गेली. लावणी, गोठा, सासू-सासरे, सगळं बायकांनी ओढलं. तेव्हा निसर्गाचं मत कुणी मागवल्याचं ऐकिवात नाही.

"ते खरं रे," काका हळूच म्हणाले, "पण देवळात लोक विचारतात, जावई काय करतात?"

म्हणजे अर्ज निसर्गाच्या नावाचा आणि सही शेजाऱ्यांची!

काकू आतून म्हणाल्या, "सांगा, पोर सांभाळतात. आणि आज फोन करा त्यांना. नातीला दात आलाय."


काका चष्मा शोधायला उठले.